अँटीव्हायरस आहे म्हणून विंडोज १० वर बसून राहायचं?

पागोळी
काल या फोरमवर एकाने लिहिलं, ‘विंडोज दहा नीट चालतंय तोवर अकराकडे ढुंकूनही बघू नका. चांगला अँटीव्हायरस टाका, बास.’ खाली ‘सहमत’ची रांग लागली. त्यात सोसायटीचे हिशेब ठेवणारे होते, दवाखान्यातला संगणक सांभाळणारे होते. लोक हा सल्ला खरंच पाळतील, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

अँटीव्हायरस आलेली फाइल तपासतो. विंडोजच्या आतच भगदाड असेल तर ते त्याला बुजवता येत नाही, ते काम पॅचचं, म्हणजे मायक्रोसॉफ्ट पाठवतं त्या दुरुस्तीचं. मे २०१७ मधलं वॉनाक्राय आठवा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं. त्या भगदाडाचा पॅच मार्चमध्येच आला होता. ज्यांनी लावला नव्हता त्यांच्याकडे कोणी काहीही न उघडता ते नेटवर्कवरून एका मशीनमधून दुसऱ्यात शिरत गेलं.

दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनला त्यापुढचे पॅच हवे असतील तर ईएसयूमध्ये, म्हणजे वाढीव सुरक्षा पॅचच्या योजनेत, नोंद करावी लागते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुरते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ‘एन्रोल नाऊ’ दिसतं. दिसत नसेल तर आधी आवृत्ती २२एच२ आहे का ते पाहा. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतंच. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर, आणि एका नोंदणीत १० मशीनं बसतात. ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या मशीनला ही सोय नाही, त्यांचा दर वेगळा आणि बराच जास्त.

‘आजच अकरा टाका’ असं मी म्हणत नाहीये. ईएसयूवर थांबायलाही माझी ना नाही. नेटला जोडलेलं मशीन पॅचशिवाय ठेवू नका, एवढंच. आणि तारीख कामाकडे बघून ठरवा. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची ११ तारीख, ३बी ची २०. त्यानंतरचा शनिवार धरा. अपग्रेडनंतर डीएससी टोकनचा (डिजिटल सहीच्या यूएसबीचा) ड्रायव्हर कधीकधी पुन्हा टाकावा लागतो. तो शोधायची वेळ १९ तारखेच्या रात्री येऊ नये.

लॅमिंग्टन_रोड
पॅचचं मान्य. पण ‘अकरा टाका’ म्हणणं सोपं आहे. इंटेलची सातवी पिढी, ८ जीबी रॅम, एसएसडी: असं मशीन टॅली, एक्सेल आणि बँकेची साइट आरामात ओढतं. ते केवळ अकरासाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोसेसर-यादीत नाही म्हणून भंगारात घालायचं? यादी आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीत साधारण रायझन २००० पासून. सातव्यातल्या कित्येक मशीनला अकराला लागणारं टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) सुद्धा आहे. हा कंपनीचा निर्णय आहे, तो ग्राहकाच्या गळ्यात मारला जातोय, आणि तुमच्यासारखे लोक सुरक्षेच्या नावाने तो खपवताय.

पागोळी
मी काहीही खपवत नाहीये. उलट मशीन बदलण्याआधी बायोस (विंडोजच्या आधी येणारी मशीनची सेटिंग्ज) उघडून बघा असं सांगतोय, कारण दुकानात ‘पात्र नाही’ म्हणून परत पाठवलेली कितीतरी मशीनं पात्र असतात. टीपीएम इंटेलच्या बोर्डात ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डात ‘एफटीपीएम’ या नावाने असतं, ते नुसतं बंद असतं. चालू करा, मग रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाकून खाली ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०’ येतंय का बघा.

दुसरी अडचण डिस्कची. जुनं इन्स्टॉलेशन एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीच्या डिस्कवर असेल तर अकराच्या अटीतलं सिक्युअर बूट (सुरू होतानाच विंडोजची सही तपासणं) चालणार नाही. इथे क्रम चुकला की मशीन उठत नाही. आधी पूर्ण बॅकअप. मग अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून विंडोजचंच एमबीआर-टू-जीपीटी हे टूल आधी ‘व्हॅलिडेट’ आणि मग ‘कन्व्हर्ट’ असं चालवा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते व्हॅलिडेटलाच अडतं. रूपांतर झाल्यावरच बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करा. लोक सीएसएम आधी बंद करतात, काळी स्क्रीन येते आणि डिस्क गेली असं समजून फॉरमॅट मारतात. डिस्क शाबूत असते. सीएसएम परत चालू केलं की मशीन उठतं.

बायपास_बंड्या
एवढा खटाटोप कशाला? रुफस या प्रोग्रामने अकराचा पेन ड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढायची खूण करा. अर्ध्या तासात अकरा.

लॅमिंग्टन_रोड
आणि पुढच्या वर्षी? अपात्र मशीनला महिन्याचे पॅच बहुधा येतात, पण वर्षाची नवी आवृत्ती आपोआप मिळत नाही, दर वेळी आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) आणून हाताने करावं लागतं. अकराच्या २३एच२ या आवृत्तीच्या होम-प्रोचा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्येच संपला. म्हणजे अट चुकवून टाकलेलं अकरा तिथेच अडकलं तर ते दहाइतकंच उघडं. खूप जुन्या प्रोसेसरवर, ज्यात एसएसई ४.२ हा सूचनासंच नाही, पुढची २४एच२ उठतच नाही. स्वतःच्या घरी हवं ते करा. गिऱ्हाइकाच्या मशीनवर हे करून पैसे घेणं मला पटत नाही.

कंपोझिटर
तुम्ही सगळे टॅली आणि जीएसटीत अडकलात. गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांचं काय? लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, दिवाळी अंकाची पानं अजून पेजमेकर ७ या जुन्या प्रोग्राममध्ये लागतात, युनिकोडच्या आधीच्या ८-बिट मराठी फॉन्टवर, डोंगल (परवान्याची हार्डवेअर किल्ली) लावून. अकरावर मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय चालू असली की डोंगलचा जुना ड्रायव्हर लोडच होत नाही. जुन्या सीडीवरचा सेटअप १६-बिट असेल तर तो सुरूच होत नाही, कारण अकराला ३२-बिट आवृत्ती नाही. वीस वर्षांच्या फाइली आहेत. त्या कोण उघडून देणार? सुरक्षा, सुरक्षा म्हणून धंदा बंद करायचा का?

अर्धमात्रा
वीस वर्षं युनिकोडकडे, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेताकडे, पाठ फिरवली त्याचं हे फळ. मराठी मजकूर अशा फॉन्टमध्ये कोंडून ठेवला की तो शोधता येत नाही, वेबवर टाकता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही. यात विंडोज अकराचा काहीही दोष नाही. जुन्या फॉन्टमधून युनिकोडात नेणारे कन्व्हर्टर आहेत, वापरा.

कंपोझिटर
‘कन्व्हर्टर आहेत’ म्हणणाऱ्याने एक अख्खं पुस्तक त्यातून काढून दाखवावं. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. कन्व्हर्टरने एकच खूण सरकवली की ‘स्थिती’ची ‘स्िथती’ होते, ‘कार्यकर्ता’चा ‘कायर्कतार्’. आणि ऱ? दर्या आणि दऱ्या हे दोन वेगळे शब्द आहेत. आचार्यांना दिलेली दक्षिणा आचाऱ्यांना गेली तर पत्रिका परत येते. ३०० पानांचं प्रूफ पुन्हा वाचायचे पैसे कोण देतं?

अर्धमात्रा
हा दोष त्या एका कन्व्हर्टरचा, युनिकोडचा नाही. युनिकोडात ऱ ला स्वतःची जागा आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. झालं ‘ऱ्य’. हे दहा मिनिटांत शिकता येतं आणि तरी छापखाने शिकत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

कंपोझिटर
रागवा खुशाल. मग विंडोजचा निर्मला फॉन्ट लावून बघा, ल आणि श हिंदी वळणाचे येतात. दंडाचा ल, शेंडीचा श असं मराठी पुस्तक कोणी हातात धरत नाही. वळण हाही भाषेचाच भाग आहे, आणि तुमच्या युनिकोडवाल्यांना ते वर्षानुवर्षं दिसलंच नाही.

अर्धमात्रा
वळणाबद्दल तुमचं बरोबर, ते मी नाकारणार नाही. पण ते फॉन्टवर आहे. टिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात ल-श मराठीच आहेत. मुंबईच्याच एक टाइपचा मुक्ता मोफत आहे, पण कोणताही फॉन्ट पानावर लावून ल-श आधी तपासा. पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि लोक पुन्हा युनिकोडला शिव्या देतात.

पागोळी
कंपोझिटर, तुमची अडचण खरी आहे, आणि वर लिहिताना ती माझ्या ध्यानात नव्हती. अशा मशीनवर दहाच राहू दे, पण नेट तोडा. लॅनची वायर काढा, वायफाय डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करा, प्रिंटर यूएसबीने जोडा. पान लावून झालं की पीडीएफ पेन ड्राइव्हवर. तो ड्राइव्ह नेटवाल्या मशीनला लावला असेल तर परत आणण्याआधी फॉरमॅट. मेल, व्हॉट्सअॅप, गिऱ्हाइकाने पाठवलेले फोटो सगळं दुसऱ्या मशीनवर. एकाच मशीनवर पेजमेकरही आणि मेलही, याला मी कधीच हो म्हणणार नाही.

कंपोझिटर
दहा बाय दहाच्या गाळ्यात दुसरं मशीन कुठे मांडायचं ते सांगा. पण नेट तोडायचं मान्य.

सचिव_सी_विंग
चर्चा फॉन्टवर गेली, सोसायटीचं राहूनच गेलं. ज्या मशीनवर अकरा कोरं टाकलं आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, तिथे २४एच२ पासून डिस्क बहुतेक वेळा आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते. किल्ली जाते पहिल्यांदा लॉगिन करणाऱ्याच्या खात्यात. सोसायटीत तो कोण? त्या वेळचा सचिव. निवडणूक होते, समिती बदलते, तो फ्लॅट विकून डोंबिवलीला जातो. एक दिवस बायोस अपडेट होतं आणि निळी स्क्रीन ४८ आकडे मागते. सभासदांची खाती, देखभालीच्या पावत्या, सगळं त्या आकड्यांमागे. किल्ली नसेल तर कोणताही कारागीर काही करू शकत नाही.

म्हणून खातं सोसायटीच्या ईमेलवर काढा. ईएसयूची नोंदही त्याच खात्यावर. किल्ली छापून शेअर सर्टिफिकेटच्या कपाटात ठेवा आणि कार्यभार देताना इतर कागदांबरोबर सही घेऊन द्या. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (हेच डिस्कचं कुलूप) ‘सस्पेंड’ करा.

लॅमिंग्टन_रोड
याला माझा पूर्ण पाठिंबा. एक भर घालतो. २४एच२ नंतर जुना स्कॅनर शेअर्ड फोल्डरमध्ये फाइल टाकेनासा होतो. स्कॅनर बिघडलेला नसतो. नव्या विंडोजला एसएमबी सही (फोल्डर शेअरिंगमधली डिजिटल खूण) लागते, जुन्या स्कॅनरला ती येत नाही. सही बंद करू नका. स्कॅनरचं नवं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्राम) बघा, नसेलच तर यूएसबीने स्कॅन करा. आणि अपग्रेडनंतर अकरावरून दहाकडे परतीची वाट फक्त १० दिवस उघडी असते. विंडोजच्याच डिस्म या कमांडने ती ६० दिवसांपर्यंत वाढते, पण ती कमांड १० दिवसांच्या आत द्यायला हवी, आणि तोवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर जागा खातंय म्हणून कोणी उडवू नका.

सातव्या पिढीबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.