प्रतिसाद: रंगावरून ओळख नको

टोळ कोणता नि रातकिडा कोणता हे रंगावरून ओळखायचा सल्ला वर कुणीतरी दिलाय, तो फसवा आहे. एकाच जातीत हिरवे नि तपकिरी दोन्ही सापडतात. आधी डोक्यावरच्या मिशा (स्पर्शिका) बघा. शरीरापेक्षा आखूड, जाडसर असतील तर टोळ-नाकतोडे. केसासारख्या बारीक, शरीराहून लांब असतील तर रातकिड्यांचा गट. मिशा तुटलेल्या असल्या (बऱ्याचदा असतातच) तर कान शोधा: टोळाचा पोटाच्या पहिल्या खंडावर, पंखाखाली, रातकिड्याचा पुढच्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली. रातकिड्याच्या मादीच्या शेपटाकडची सुईसारखी नळी म्हणजे नांगी नव्हे, त्या नळीने मादी अंडी घालते. आखूड पंख दिसले म्हणून लगेच पिल्लू ठरवू नका, काही जातींत प्रौढांचेही पंख तेवढेच राहतात. पिल्लाची खूण वेगळी: त्यात मागच्या पंखांचे अंकुर (अजून न वाढलेले पंख) पुढच्या पंखांच्या अंकुरांवर चढलेले असतात.