माझ्या नाण्याचा फोटो चोरून भलतंच नाणं विकलं जातंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जरा लांबलं आहे, पण कृपया शेवटपर्यंत वाचा. सल्ला लवकर हवा आहे.

काही दिवसांपूर्वी एका अनोळखी संग्राहक मुलाचा निरोप आला. छंद नवीनच लागलेला. त्याने ऑनलाइन १८८२ सालचा, अमेरिकेतल्या कार्सन सिटी टांकसाळीचा मॉर्गन डॉलर, म्हणजे तिथलं जुनं चांदीचं नाणं, मागवला होता. हातात आलेलं नाणं काहीतरी वेगळंच वाटतंय, म्हणून त्याने मला विचारलं, कारण मी या नाण्यांबद्दल अधूनमधून लिहिते. सोबत जाहिरातीतला फोटो होता. तो उघडला आणि बघतच राहिले. ते नाणं माझं आहे. आत्ता, हे लिहिताना, माझ्या कपाटात आहे.

ओळखलं कसं ते सांगते. नाण्यावरच्या चेहऱ्याच्या जबड्याखाली चंद्रकोरीसारखी बारीक खोच आहे. आता खोच काय, कुठल्याही नाण्यावर असू शकते. पण फोटोत घड्याळाचा एक वाजतो त्या जागी माझ्या टेबलदिव्याचा लांबट पांढरा ठिपका जसाच्या तसा आहे. शिवाय मी नाणं निळ्या मखमलीवर ठेवून फोटो काढला होता. विक्रेत्याने ते गोल कापून पांढऱ्या पार्श्वभूमीवर चिकटवलं, पण कडेजवळच्या दातऱ्यांमधली निळसर झाक त्याला काढता आली नाही.

त्या मुलाच्या नाण्यावर खोच नाही. अक्षरं सुजल्यासारखी जाड आहेत. वजन करायला सांगितलं तर २२.१ ग्रॅम भरलं. मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅमचा असतो, ९० टक्के चांदी, उरलेलं तांबं. झिजून थोडं कमी होईल, पण साडेचार ग्रॅम? वर ते लोहचुंबकाला चिकटतं! चांदी आणि तांबं, दोन्ही चिकटत नाहीत.

विक्रेत्याचं म्हणणं, "फोटो नमुन्यादाखल आहे." जाहिरातीत '८ नग उपलब्ध' असंही लिहिलंय. कारखान्यातल्या नव्या वस्तूला एक फोटो चालतो, पण इतक्या जुन्या नाण्यांत प्रत्येकाची झीज, चरे, रंग वेगळे. तिथे फोटो हाच माल असतो, घेणारा त्याच्याच भरवशावर पैसे मोजतो. त्या मुलाने तक्रार केली तर उत्तर आलं की साल आणि टांकसाळीचं चिन्ह वर्णनाशी जुळतं! परत करायची मुदत संपायला चार दिवस उरलेत.

मीही प्रताधिकाराची तक्रार केली. जाहिरात दोन दिवसांत उतरली आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या खात्यावर परत आली, फोटो जरासा फिरवून आणि काळपट करून. त्या खात्यावरचे बाकीचे फोटो बघितले. एक काळ्या पार्श्वभूमीवर, एक आलेखाच्या कागदावर, एक लिलावाच्या सूचीतला वाटतो. एका हाताने काढलेले हे फोटो नाहीतच. एका फोटोत तर पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपनीची सीलबंद डबी आहे. त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला तर खरा निघतो, पण त्यातून एवढंच कळतं की असं नाणं कुठेतरी आहे. ते या माणसाकडे आहे हे कुठे सिद्ध होतं?

तर जाणकारांनी सांगावं, त्या मुलाने चार दिवसांत काय पुरावा द्यावा? पुन्हापुन्हा उगवणाऱ्या जाहिरातींचं काय करायचं? आणि मी मोठे, स्पष्ट फोटो टाकणं बंद करावं का? माझ्या अगदी जिवावर येतंय ते. नवीन माणसाला खरं-खोटं ओळखायला शिकवतात ते असेच फोटो.

प्रतिसाद

ताई, आधी त्या मुलाचं बघा. 'वर्णनाशी जुळत नाही' या सदरात तक्रार केली की साल-चिन्हावर बोळवण होते. नवी तक्रार 'बनावट वस्तू' म्हणून करायला सांगा. काट्यावर नाणं ठेवताना आणि चुंबक लावताना न तोडलेला एकच व्हिडिओ घ्यायचा, काट्यावरचा आकडा दिसला पाहिजे. पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेकडेही आजच दाद मागावी, तिथली मुदत वेगळी असते.

तुम्ही मूळ फाइल द्या, मखमलीसकट, न कापलेली. शिवाय त्याच नाण्याचा आजच्या तारखेच्या चिठ्ठीसह नवा फोटो, म्हणजे नाणं तुमच्याच ताब्यात आहे हे दिसेल. दुसऱ्या तक्रारीत पहिलीचा क्रमांक जरूर लिहा. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल प्रताधिकार कायद्याचं संरक्षण हवं असेल, तर वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करण्याचं धोरण अशा संकेतस्थळांना ठेवावं लागतं. तो मुद्दा नाव घेऊन मांडा.

फोटो बंद करू नका. नाव कोपऱ्यात टाकलं तर कापून टाकतात. चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत फिकट अक्षरांत टाका, तपशील झाकला जात नाही.

धागालेखिका

मनापासून आभार. चिठ्ठीसह फोटो काढला, मुलाने व्हिडिओ केला, दोन्ही तक्रारी काल रात्री गेल्या. बँकेने त्याची तक्रार नोंदवून घेतली आहे.

आता एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. जाहिरातीखाली एका बाईंचा अभिप्राय आहे, "मुलाच्या संग्रहातलं पहिलं नाणं, फोटोसारखंच सुंदर." संकेतस्थळावरून खरेदीदाराला थेट निरोप पाठवता येत नाही. त्यांची मुदत संपायच्या आत त्यांना कसं कळवू?