मदत हवी आहे: पुण्याहून कणकवलीला कोणत्या घाटाने जावं?

मावसबहिणीचं लग्न कणकवलीजवळ, घरच्या अंगणात आहे; जेमतेम चाळीस माणसं. आम्ही तिघं भावंडं आदल्या दिवशी पुण्याहून कारने निघणार, हळदीला संध्याकाळी पाचपर्यंत पोहोचायलाच हवं. गाडी मी एकटीच चालवणार, कोकणातला घाट पहिल्यांदाच.

रेल्वेचं आधी पाहिलं. तुतारी, कोकणकन्या दोन्हीकडे वेटिंग, शिवाय त्यासाठी पनवेल गाठायचं. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्याला जिने जमत नाहीत आणि तासा-दीड तासाने पाय मोकळे करावे लागतात. एसटी नको, कारण ताईने रुखवतासाठी साखरेचं तुळशीवृंदावन केलंय. खोक्यात चारही बाजूंनी कापूस लावलाय, तरी परवा नुसतं उचलताना एक कोपरा निखळला. तिला वळणांवर गोळी घेऊनही उलट्या होतात.

कोल्हापूरपर्यंतचा रस्ता माहीत आहे. पुढे राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट, की गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडी, तळेरे? मॅपवर वेळ दिसते, खड्डे आणि वळणं दिसत नाहीत. गेल्या महिन्याभरात कोणी गेलं असेल तर सांगा: कमी हादऱ्यांचा रस्ता कोणता, आणि कोल्हापूरनंतर स्वच्छ, कमोड असलेलं स्वच्छतागृह नक्की कुठे मिळेल?