पाण्यावरच्या कामासाठी लाईफ जॅकेट रोज तपासायची का?

प्रश्न: पुलाखाली मचाणावर काम करतो, गॅसवर आपोआप फुगणारी १५० न्यूटनची (म्हणजे पाण्यात माणसाला तरंगवण्याची ताकद) जॅकेट आहेत. सुपरवायझर म्हणतात वर्षाला सर्व्हिसिंग होतं तेवढं बास. खरंच बास आहे का?

उत्तर १: अजिबात नाही. घालायच्या आधी आतला गॅसचा छोटा सिलिंडर हाताने फिरवून बघा, वापरून वापरून सैल होतो आणि सैल झाला की गॅस सोडणारी सुई त्याला टोचतच नाही नीट. इंडिकेटर (जॅकेट फुगायला तयार आहे का ते दाखवणारी खूण) हिरवा आहे म्हणून गाफील राहू नका, सिलिंडर काढून वजन करा, किमान वजन त्याच्यावरच छापलेलं असतं, कमी भरलं तर सरळ बदला. बकल, पट्टे, शिट्टी बघायला किती वेळ लागतो?

उत्तर २: हवेची पिशवी पण बघा. सिलिंडर काढून पंपाने फुगवायची आणि रात्रभर ठेवायची, सकाळी मऊ लागली तर जॅकेट बाद. तोंडाने फुगवलं तर आत ओल राहते. आणि वेल्डिंगची ठिणगी पडलेलं जॅकेट तर तपासल्याशिवाय घालूच नका, वरून टाचणीएवढा डाग दिसतो आणि आत भोक असतं!

प्रश्नकर्ता: पावसात आपोआप फुगेल का मग?

उत्तर १: गोळीवालं (पाण्यात गोळी विरघळली की फुगणारं) असेल तर ओलीने फुगू शकतं, म्हणून कोरड्या जागी टांगा. पाण्याच्या दाबावर चालणारं पावसात फुगत नाही. फक्त रेनकोटच्या आत घालू नका, फुगायला जागाच नाही मिळत.