बेळगावच्या वडगावातील भाड्याचे घर पाडून अपार्टमेंट होणार: मुंबईप्रमाणे भाडेकरूला जागा मिळते का?

मागवाला_वडगाव
आजोबांनी १९५८ साली भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत आम्ही आजही राहतो, दरमहा १,८०० रुपये भाडे भरतो आणि मागच्या पडवीत दोन यंत्रमाग चालवतो. मालकांच्या मुलांनी वाडा बिल्डरला देण्याचे ठरवले असून दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या कराव्यात, असे तोंडी सांगितले आहे. लालबागच्या आत्यांना चाळीच्या पुनर्विकासात मालकीची जागा मिळाली. त्यामुळे आम्हीही हटू नये, फ्लॅट मागावा, असा त्यांचा आग्रह आहे. बेळगावात असा हक्क सांगता येतो का?

कोर्टगल्ली
आत्यांना जागा मिळाली ती मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या तरतुदीमुळे. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकार उपकर घेते अशा, जुन्या इमारतीतील पात्र भाडेकरूंना किमान ३०० चौरस फुटांची घरे दिली, तर बिल्डरला वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, मिळते. ती तरतूद शिनोळीच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीच्या, अलीकडे चालत नाही. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो खरे, पण पुढे येथे १९६१ चा आणि त्यानंतर १९९९ चा कर्नाटकाचा भाडे कायदा आला. दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याची घरे या कायद्याबाहेर आहेत. तुमचे भाडे कमी आहे; आजोबांचा भाडेहक्क कायद्याने अजून तुमच्याकडे असेल, तर कायद्यातील ठरावीक कारण कोर्टात सिद्ध केल्याशिवाय तुम्हाला काढता येणार नाही. मात्र मागांमुळे जागा निवासी की व्यावसायिक, हा वाद समोरचा वकील हमखास उकरून काढेल. भाडे थकवू नका, पावत्या जपा आणि कन्नड कागद कोणाकडून तरी नीट समजून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नका. जबरदस्तीने बाहेर काढलेच, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावता येतो.

टिळकवाडीकर
मी स्वतः घरमालक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. १,८०० रुपयांत वर्षाची कौले शाकारूनही होत नाहीत. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली आणि शेवटी सरकारला १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. आपल्याकडे तर विद्यार्थ्यांना कॉटच्या हिशेबाने खोल्या दिल्या जातात. नवी घरे झालीच नाहीत, तर भाडी उतरणार कशी?

खासबागची_सून
घरे वाढावीत, हे मान्य. परंतु वाड्यातून उठणारी बिऱ्हाडे आणि फ्लॅट घेणारी माणसे एक नसतात, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माग कोण लावू देईल? मुंबईच्या गिरणगावात १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. २००१ च्या बदलाने ती वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. दादा, फ्लॅटचा हट्ट सोडा, पण मागांसाठी शेड आणि स्थलांतराचा खर्च यांचा लेखी, नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किल्ली देऊ नका.

मागवाला_वडगाव
आभारी आहे. पावत्या १९८३ पासूनच्या सापडल्या. त्याआधीच्या आजीच्या ट्रंकेत आहेत का, ते आज पाहतो.