सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि फ्रीझर: आधी काय काय करून ठेवता येईल?

निळीशाई
नमस्कार मंडळी. महिनाअखेरीस सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे (डावा पुढच्या वर्षी). निदान सहा आठवडे ओट्यापाशी उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आमच्या घरचा निम्म्याहून जास्त स्वयंपाक त्याच करतात, हे तारीख ठरल्यावर लख्ख कळलं. पाच माणसं, त्यात दोन शाळेचे डबे. पोळ्यांना मावशी येतात, प्रश्न भाजी-आमटीचा आहे. नवरा वरणभात, ऑम्लेट आणि चहा उत्तम करतो. यादी इथेच संपते.

फ्रीज दोन दारांचा, २६० लिटरचा. फ्रीझरमध्ये सध्या बर्फाचे ट्रे, कधीतरी किसून ठेवलेलं खोबरं आणि एक अनोळखी पिशवी आहे. हाताशी तीन रविवार आहेत. काय करून ठेवू? एकदा उत्साहाने बटाट्याची रस्साभाजी गोठवली होती. गरम केल्यावर ओला स्पंज चावल्यासारखं लागलं आणि पोरांनी अजून ते विसरलेलं नाही.

तिखटमीठ
आधी ती अनोळखी पिशवी टाक.

माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या आधी मी हे केलंय, म्हणून हक्काने सांगते: तयार भाज्या गोठवत बसू नकोस. वेळखाऊ आणि कष्टाचं जे असतं ते गोठव. पालेभाजी दहा मिनिटांत होते, भात कुकरला लावला की झाला, पिठलं तर त्याहून लवकर. अशा गोष्टींनी छोटा फ्रीझर अडवायचा नाही. वेळ जातो तो भिजवण्यात, मोड आणण्यात, भाजून वाटण्यात.

पहिला रविवार वाटणांचा. कांदा-खोबरं खरपूस भाजून, आलं-लसूण घालून, अगदी कमी पाण्यात वाट आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भर. घट्ट झालं की ठोकळे काढून पिशवीत. पाच जणांच्या उसळीला चार-पाच ठोकळे लागतात. दुसरं वाटण कांदा-टोमॅटोचं, तेल सुटेपर्यंत परतलेलं. यात छोले, राजमा, पनीर, अंडाकरी सगळं निघतं. ट्रे मात्र कायमचा वेगळा ठेव. आमच्याकडे पाहुण्यांना लसणाच्या वासाचं लिंबू सरबत प्यावं लागलं होतं.

दुसरा रविवार कडधान्यांचा. छोले, राजमा, काळे वाटाणे कुकरला शिजवून त्यांच्याच पाण्यासकट भरायचे. पाव किलो कोरडे छोले शिजून अर्ध्या किलोच्या वर जातात, म्हणजे तुमची एक वेळ. मटकीला मोड आणून तीन-चार मिनिटं वाफवायची, पूर्ण गार करायची आणि कोरडी करून भरायची. तुरीचं वरण घट्ट घोटून, फोडणीशिवाय ठेव. फोडणी रोज ताजी दिली की शेजारणीलासुद्धा कळत नाही.

भरताना झिपच्या पिशव्यांमध्ये चपट्या थरात भर, हवा काढ, ताटावर आडव्या ठेवून गोठव आणि मग वह्यांसारख्या उभ्या लाव. डब्यांपेक्षा दुप्पट माल मावतो. शिवाय चपटी पिशवी गार पाण्याच्या पातेल्यात बुडवली की अर्ध्या-पाऊण तासात सुटते.

पाटावरवंटा
सहा आठवडे शिळं खायचं? त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणा की. ऑपरेशन झालेल्या माणसाला ताजं अन्न हवं.

तिखटमीठ
काका, केंद्राची भाजी आठवडाभर खाऊन बघा, मग बोलू. तेल आणि सोडा मोजायला बसाल.

बशीभरचहा
पाटावरवंटा काकांचा मुद्दा अगदीच उडवून लावू नका. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त वाढायचे थांबतात. म्हणजे आत जसं जाईल तसंच बाहेर येणार. दिवसभर ओट्यावर राहिलेली उसळ रात्री फ्रीझरमध्ये टाकली तर ती शिळीच. शिजवलं की पसरट परातीत काढा, परात गार पाण्यात ठेवा आणि दोन तासांच्या आत आत सरकवा. वाफाळता डबा थेट ठेवलात तर शेजारचंही सुटायला लागतं. बाहेर काढताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा, सकाळी खळखळून उकळी आणा. उरलं तर परत गोठवू नका.

आणि तापमान. उणे १८ अंश हवं. थर्मामीटर नसेल तर आइस्क्रीम ठेवून बघा. दगडासारखं राहिलं तर ठीक, चमचा सहज शिरला तर तिथे आठवड्यापेक्षा जास्त काही ठेवू नका. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तर महिन्याचे बेत करूच नयेत.

निळीशाई
आइस्क्रीम दगड आहे, तपासलं (आणि संपवलं). आमच्याकडे बऱ्याच गुरुवारी चार-पाच तास लाईट जाते, त्याचं काय?

बशीभरचहा
दार उघडायचं नाही, एवढंच. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४. जागा रिकामी राहिली तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, पण काठोकाठ नको. पाण्याचा बर्फ होताना तो नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतो. काचेच्या बरण्या याच कारणाने तडकतात.

गावाला जाताना वाटीभर बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलंय. सरळ फेकून द्या.

खिडकीतलीमांजर
फ्रीझरचा फ्रीज करायचं बटण असलेला फ्रीज असेल तर त्या बटणावर चिकटपट्टी लावा. आमच्या चिरंजीवांनी ते दाबलं आणि तीन दिवसांनी कळलं. २२ पुरणपोळ्या. त्यावर मी आणखी काही लिहू शकत नाही.

कोळंबीभात
मांसाहारी आहात का? कोंबडीचा आणि मटणाचा रस्सा सुरेख टिकतो, मुरल्यामुळे चवही वाढते. बटाटा मात्र घालू नका, घातलाच तर भरताना काढून घ्या. नारळाच्या दुधाची कढी फाटते, ती ताजीच करा. मासे शिजवून ठेवू नका. हळद-मीठ लावलेल्या कच्च्या तुकड्या एका वेळेपुरत्या वेगवेगळ्या बांधा.

निळीशाई
रविवारी कोंबडी असते, धन्यवाद! पोरांच्या डब्याला सुकं काही सुचवा ना. आणि मावशी अचानक दांडी मारतात त्या दिवशी?

तिखटमीठ
कोथिंबीरवडीचे आणि अळूवडीचे उंडे वाफवून, न कापता गोठव. रात्री खाली काढ, सकाळी काप आणि तव्यावर परत. इडल्याही छान राहतात, वाफवल्या की ताज्यासारख्या. पावभाजीची भाजी चालते, कारण तिथला बटाटा पूर्ण घोटलेला आणि लोण्यात मुरलेला असतो. काकडी, कोशिंबीर, दह्यातलं काहीही, साबुदाण्याची खिचडी, उकडलेली अंडी यांच्या वाटेला जाऊ नकोस. अंड्याचं रबर होतं.

मावशींच्या दांडीसाठी पोळ्या अर्धकच्च्या भाजून, गार करून, मध्ये बटर पेपर घालून दहा-दहाचे गठ्ठे कर. तव्यावर थेट टाकायच्या.

निळीशाई
धागा सासूबाईंनाही वाचून दाखवला. "अळूवडी माझ्याच हातची होईल, तू फक्त पानं आण" असा हुकूम आलाय. पाटावरवंटा काकांना त्यांनी विशेष अनुमोदन दिलंय.

पाटावरवंटा
वहिनींना नमस्कार सांगा. चिंच जास्त घाला, घशाला खाजत नाही.

निळीशाई
पाच आठवड्यांनंतरची खबर. सासूबाई आता काठी घेऊन घरभर फिरतात. दोन्ही वाटणं, छोले, मटकी आणि वरण यांच्यावर संसार चालला. सगळ्यात उपयोगी ठरली ती घट्ट वरणाची पिशवी, कारण नवऱ्यालाही जमते. आता तो फोडणीत कढीपत्ता घालायला शिकलाय.

चुकलं ते असं: पहिल्या रविवारी पिशव्यांवर नाव-तारीख लिहिली नाही. गोठल्यावर दोन्ही वाटणं सारखीच तपकिरी दिसतात, त्यामुळे एका सोमवारी मटकीला पंजाबी चव आली. पोरांनी मागून खाल्ली. दुसरं, भरलेलं कारलं मी स्वतःच्या डोक्याने गोठवलं. त्याबद्दल विचारू नका.

अळूवडीचे सहाही उंडे पहिल्या दहा दिवसांत संपले. आता कांदा-खोबऱ्याचे १४ ठोकळे उरलेत. आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबार करीन म्हणते. त्यात हे चालेल की ओलं खोबरं वेगळं वाटून घालावं लागेल?

कोळंबीभात
चालेल. पण वरून मूठभर ओलं खोबरं वाटून घालाच, नाहीतर आमच्या मालवणात त्याला सांबार म्हणणार नाहीत.