घरातलं वर्कशॉप कसं आवरून ठेवता? आपापले अनुभव लिहा

गॅलरी, जिन्याखालची जागा, पार्किंगमधली खोली, गावाकडची पडवी, जिथे कुठे तुम्ही लाकूड, लोखंड, वायरी, सायकल, पंप असलं काहीतरी उघडून बसता त्या सगळ्याला मी इथे वर्कशॉप म्हणतोय. आपल्यासारख्या हौशी लोकांकडे हत्यारं जमत जातात आणि जागा आहे तेवढीच राहते, मग रविवारची सकाळ दहाचा पान्हा शोधण्यात जाते आणि हातातलं काम राहूनच जातं. महागड्या रॅकची माहिती नकोय, ती दुकानदार देतोच. तुमच्याकडे काय टिकलं ते लिहा, म्हणजे सहा महिन्यांनीही जे तसंच आहे ते.

सुरुवात मी करतो. माझी जागा म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटची मागची गॅलरी, काम लाकडाचं. माझं ठाम मत असं झालंय की हत्यार काढायला सोपं असून भागत नाही, परत ठेवायला सोपं पाहिजे. काढताना आपल्याला गरज असते त्यामुळे आपण तीन डबे सरकवून पण काढतो, पण ठेवताना दमलेलो असतो, आणि कपाटाचं दार उघडायला लागलं की पटाशी टेबलावरच राहते, तिच्याशेजारी गुण्या, मग पेन्सिल, मग चहाचा कप. म्हणून दारं काढून टाकली आणि सगळं भिंतीवर घेतलं. १८ मिमी प्लायची साधारण चार इंच रुंद पट्टी घ्यायची आणि ती मधोमध लांबीने ४५ अंशात चिरायची. एक अर्धी भिंतीला ठोकायची, तिचा उतार भिंतीकडे आला पाहिजे, म्हणजे भिंत आणि पट्टी यांच्यात खाच तयार होते. दुसरी अर्धी उलटी करून हत्यारांच्या खोक्याच्या मागे लावायची. खोकं नुसतं वरून अडकवायचं, वजनाने ते भिंतीकडेच ओढलं जातं. स्क्रू नाही, काही नाही, उद्या रंध्याची जागा बदलायची झाली तर उचला आणि दुसरीकडे अडकवा. एकच सांगतो, नवीन बिल्डिंगमध्ये भिंती पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यात पट्टीच्या स्क्रूसाठीचा साधा रॉल प्लग (भोकात बसवायची, स्क्रू धरणारी नळी) कालांतराने सैल होतो, त्या ब्लॉकसाठीचे वेगळे लांब प्लग मिळतात तेच वापरा.

आता तुम्ही लिहा.

चिंचवड

नोकरी सगळी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या हत्यारं बनवायच्या विभागात गेली, आता निवृत्त आहे. आमच्याकडे जागा आवरून ठेवायचं जपानी पद्धतीचं फाइव्ह एस होतं, सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके. म्हणजे नको ते काढा, हवं त्याला जागा द्या, झाडा-पुसा, सगळीकडे एकच पद्धत ठेवा आणि ती मोडू देऊ नका. पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात काम केलेल्या कुणालाही हे पाठ असेल. लोक घरी थेट दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात, आधी डबे आणतात आणि मग त्यात भंगार पण व्यवस्थित रचून ठेवतात. पहिली पायरी सर्वात अवघड आणि तीच खरी.

मी ती अशी करतो. जी वस्तू वापरात नाही पण टाकवत पण नाही तिला लाल चिकटपट्टी लावून तारीख लिहायची. वापरली की पट्टी काढायची. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्याच्या आदल्या दिवशी सगळं खाली उतरवून पुसतो, तेव्हा ज्याच्यावर अजून लाल पट्टी आहे ते घरातून जातं. मागल्या वर्षी मोठा पाइप पाना ओळखीच्या प्लंबरला दिला, तो रोज वापरतोय, बघून बरं वाटतं.

पान्ह्यांसाठी बोर्डवर प्रत्येकाची आकृती रंगवलीय. संध्याकाळी लाइट बंद करताना एक नजर टाकली की रिकामी आकृती दिसते, म्हणजे तो पान्हा स्कूटरपाशी राहिलाय. आपल्याकडचा दुतोंडी सेट ६-७ पासून सुरू होतो आणि २०-२२ ला संपतो, तो ओळीने लावायचा मोह होतो, पण घरात सारखे लागतात ते दोनच, एम ६ च्या (६ मिमी जाडीच्या) बोल्टला १० नंबर आणि एम ८ ला १३. हे दोन असलेले पान्हे मी मधोमध डोळ्यासमोर ठेवलेत, बाकीचे कडेला.

डोंबिवली

माझं छोटंसं आहे. लोणच्याच्या, कॉफीच्या काचेच्या बरण्या, झाकणं फळीच्या खालून स्क्रूने पक्की करायची आणि बरणी खालून फिरवून लावायची. झाकणाला दोन स्क्रू मारा, एक मारला तर बरणी फिरवताना झाकण पण फिरतं. आत काय आहे ते दिसतं, वर फळीवर जागा मोकळी राहते. श्रीखंडाच्या डब्यात खिळे ठेवणाऱ्यांनी जरूर करून बघा.

रत्नागिरी

तुमच्या घाटावरच्या लोकांचा प्रश्न जागेचा, आमचा प्रश्न हवेचा. जून ते सप्टेंबर इथे उघड्या भिंतीवर पटाश्या लावून ठेवणं शक्यच नाही, गणपतीपर्यंत सगळ्यावर तांबूस थर चढतो. त्यामुळे आमच्याकडे वर्षाच्या दोन मांडण्या असतात. मे अखेरीला भिंतीवरची धारेची हत्यारं उतरतात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात जातात, दिवाळीला परत वर चढतात.

उतरवताना काय करतो ते सविस्तर लिहितो कारण यातच सगळं आहे. आधी कोरड्या फडक्याने पुसायचं, हाताचा घाम राहिला तर नंतर बोटांचे ठसेच्या ठसे गंजून वर येतात. मग शिवणयंत्राचं तेल फडक्यावर घेऊन पातळ हात फिरवायचा, निथळेल इतकं नको. रंध्याचं पातं बाहेर काढून दोन्ही बाजूंनी. चामड्याच्या म्यानात पटाशी पावसाळ्यात अजिबात ठेवायची नाही, चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि पुठ्ठ्याचं खोकंही तेच करतं. डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी, निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परत निळे होईस्तोवर तापवायचे, पण त्यासाठी वेगळं जुनं भांडं ठेवा, स्वयंपाकाच्या तव्यावर नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

लोखंडी कपाट असेल तर बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, चार बोटं पुढे घ्या. वडलांच्या वेळेपासून आमच्या कपाटात एक झिरोचा बल्ब लागलेला असायचा पावसाळाभर, पिवळा, तारेचा. तेवढ्या उबेने आतली हवा कोरडी राहायची. आता एलईडी आले, ते तेवढे तापत नाहीत, म्हणून जुने बल्ब मी जपून ठेवलेत.

कल्याण

चिंचवडचे काका, आकृती रंगवलेल्या बोर्डवर नवीन हत्यार आलं की काय करता? माझं दर दोन महिन्यांनी काहीतरी येतंच.

चिंचवड

अहो रंगवायचं नाही मग, रंगीत चिकट कागद कापून लावा, निघतो सहज. आणि नवीन आलं की त्या जातीचं जुनं एक जाऊ दे, म्हणजे बोर्ड तेवढाच राहतो.

तासगाव

आमचं वर्कशॉप म्हणजे द्राक्षबागेतली पत्र्याची खोली. तुमच्यासारखं हौसेचं नाही, बाग त्याच्यावर चालते. ठिबकचं सामान म्हणजे किरकोळ वस्तूंचा महापूर असतो, १६ मिमीच्या लॅटरलचे (ठिबकच्या बारीक नळीचे) जॉइनर, ग्रोमेट, टेक-ऑफ, एंड कॅप, ६३ मिमीचे एल्बो, टी, बॉल व्हॉल्व्ह, शिवाय फवारणीच्या पंपाचे नोझल आणि वॉशर. हे सगळं पोत्यात असायचं आणि पाणी सोडायच्या वेळी पोतं उपडं करायचं.

आता गोडेतेलाचे १५ किलोचे पत्र्याचे डबे आडवे करून घरं केलीत. वरचं तोंड पूर्ण कापायचं, कापलेली कड पकडीने आत दुमडून हातोडीने दाबायची नाहीतर हात फाटतो, मग ऊन सोड्याच्या पाण्याने तेल काढायचं. चार खाली चार वर असे अँगलच्या सांगाड्यात बसवायचे. प्रत्येक डब्याच्या तोंडाशी आत जी वस्तू आहे तीच एक तारेने बांधून टांगलीय. लेबल लिहिलं तर गड्याला वाचायला लागतं, रात्री बॅटरीच्या उजेडात तर मला पण दिसत नाही, टांगलेला एल्बो हाताला कळतो. उंदीर पत्र्याला तोंड लावत नाही हा दुसरा फायदा, प्लॅस्टिकच्या क्रेटमधले वॉशर आणि रबर त्याने खाऊन टाकले होते.

आणि एक वेगळी पेटी मोटरच्या स्टार्टरपाशीच खुंटीला, त्यात टेस्टर, पक्कड, इन्सुलेशन टेप, फ्यूज वायर आणि एक टॉर्च. शेतीची लाइट पुष्कळदा रात्रीच येते, तेव्हा खोलीपर्यंत चालत जाऊन शोधाशोध करणं होत नाही. ह्या पेटीतलं काही घरच्या कामाला न्यायचं नाही, आमच्या घरात सगळ्यांना माहिती आहे. औषधं मात्र ह्या खोलीत नाहीत, ती वेगळ्या कुलपात. पान्ह्याला औषधाचा हात लागला की तोच हात भाकरीला लागतो.

नागपूर

तासगावचे दादा, टांगलेल्या नमुन्याची कल्पना फार आवडली, मी माझ्या कनेक्टरच्या खणांना करणार आहे.

माझं काम इलेक्ट्रॉनिक्सचं, जागा म्हणजे बेडरूममधलं एक टेबल. रेझिस्टर लोक रंगाने लावतात किंवा दुकानातून आलेल्या पुडीतच ठेवतात, मी ओहमच्या आकड्यांच्या मालिकेने लावते. साधे रेझिस्टर बहुतेक १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ या बारा आकड्यांत येतात, पुढे फक्त शून्यं वाढतात. म्हणून बारा उभे कप्पे केले, बुटाच्या खोक्यात उभी पाकिटं लावून, ४७ च्या कप्प्यात ४७ ओहम, ४७०, ४.७ के, ४७ के (के म्हणजे हजार) सगळे एकत्र. रेझिस्टरवर आकडा रंगीत पट्ट्यांनी दाखवलेला असतो, पहिले दोन पट्टे पिवळा-जांभळा (४-७) दिसले की डोळे झाकून कप्पा कळतो, तिसरा पट्टा बघून हवा तो उचलायचा. शंभर कप्प्यांचं कपाट घेतलं असतं तर ठेवायलाच कंटाळा आला असता.

आयसी आणि मॉसफेट हे स्थिर विजेने बिघडणारे भाग वीज वाहून नेणाऱ्या काळ्या फोममध्येच खोचा, थर्माकोलमध्ये नाही. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की खुर्चीवरून उठताना स्थिर विजेचा चटका बसतो, त्यात थर्माकोल स्वतःच चार्ज धरतो. सोल्डरिंगची जागा मी जेवणाच्या टेबलापासून तोडली, जुन्या ६०-४० सोल्डर वायरमध्ये शिसं असतं, त्याचे बारीक मणी पडतात. एक मोठा स्टीलचा ट्रे घेतला, सगळं त्याच्यातच, काम थांबवायचं झालं तर ट्रे उचलून माळ्यावर आणि वर उलटं खोकं. मुलगी तीन वर्षांची आहे त्यामुळे ह्या बाबतीत मी फार कडक आहे.

मिनेसोटा

इथे गॅरेज मिळतं म्हणून सगळ्यांना वाटतं चैन आहे, पण जागा जास्त म्हणजे पसाराही जास्त, गाडी बर्फात बाहेर आणि सामान आत अशी घरं गल्लीत भरपूर आहेत. माझी मुख्य अडचण इंच आणि मिमी. भारतातून आणलेली हत्यारं मिमीची, इथलं फर्निचर, लॉन मोवर इंचाचं. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पान्हा बसतो असं वाटतं आणि जोर लावला की बोल्टची डोकी गोल होतात. उलट पाऊण इंच आणि १९ जवळजवळ एकच. म्हणून दोन भिंती वेगळ्या केल्या, मिमीच्या सगळ्यांना निळी टेप, इंचाच्यांना लाल, आणि मधे कुठलंच हत्यार नाही.

भोकांचा बोर्ड इथे सर्रास मिळतो, एक-एक इंचावर भोकं, पण हत्यार उचलताना हुक पण हातात येतो आणि मग तो परत लावायचा आळस होतो. प्रत्येक हुक मागून झिप टायने बांधून टाकला तेव्हा कुठे बोर्ड कामाचा झाला. हिवाळ्यात गॅरेज उणे वीसच्या खाली जातं, पांढरा लाकडाचा गोंद आणि पाण्याचे रंग गोठले की कायमचे फुकट, ते ऑक्टोबरमध्येच बेसमेंटला नेतो. ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्या पण, शून्याच्या खाली त्या चार्ज करायच्या नसतात.

कोल्हापूर

पॉलिशचं काम करणाऱ्यांसाठी कळकळीने लिहिते. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगळलेल्या कापडात ती अडकते आणि कापड आपोआप पेटू शकतं, ठिणगी लागत नाही. मी फडकी एकेरी पसरून तारेवर बाहेर वाळत घालते, घाईत असले तर पाण्याच्या बादलीत बुडवून झाकण. आवराआवरीचं पहिलं काम हे, झाडू नंतर.

गिरगाव

चाळीत राहतो, एकच खोली आणि ती पण सगळ्यांची. वर्कशॉप म्हणजे चाकं लावलेली एक पेटी, दिवाणाखाली जाईल एवढ्या उंचीची. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन ब्रेकवाली चाकं आणली, त्यात पैसे वाचवू नका. पेटीचं झाकण उलटं केलं की तेच कामाचं टेबल. नियम एकच, झाकण बसलं पाहिजे. नवीन वस्तूने झाकण बसत नसेल तर ती वस्तू येत नाही. भुसा खाली पडतो म्हणून जुनी चादर अंथरून तिच्यावर काम, शेवटी चारी टोकं धरून उचलायची आणि खाली जाऊन झटकायची, कॉमन गॅलरीत नाही, शेजारच्या आजींना दमा आहे.

पुणे

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काका तुमची लाल पट्टी तर मी आजच आणली. माझ्याकडे अजून सुटलेलं एकच आहे, उरलेले तुकडे. प्लायचे, सागाचे, फेकवत नाहीत.

रत्नागिरी

आडवे रचू नका, खालचा कधीच निघत नाही. उभे करा, पुस्तकांसारखे, मधे खुंट्या. आम्ही वीतभरापेक्षा लहान तुकडा ठेवत नाही. साधं लाकूड असेल तर बंबात जातं. प्लाय आणि एमडीएफ मात्र बंबात घालू नका हं, त्यातल्या गोंदाचा धूर वाईट, ते भंगारवाल्याला.

पुणे

वीतभर, ठरलं. अजून कुणी बेसमेंट पार्किंगमध्ये काम करत असेल तर पावसाचं पाणी शिरतं तेव्हा खालच्या फळीवर काय ठेवता तेही लिहा, आमच्या सोसायटीत तिथे एक खोली मिळायची शक्यता आहे.